एक नंबरची ट्रॉली

साडू हे नातं देवानं कधी निर्माण केलं ते कुठल्या पुराणात लिहिलेलं नाही, पण ज्या दिवशी केलं त्या दिवशी त्याचं डोकं ठिकाणावर नसावं. भावाशी पटलं नाही तर वाटणी करून मोकळं होता येतं. शेजाऱ्याशी पटलं नाही तर मध्ये भिंत घालता येते. साडूशी भांडायची सोय नाही, कारण भांडायला धड कारणच सापडत नाही. दोन परके पुरुष दोन बहिणींशी लग्न करतात आणि मग जन्मभर सासरच्या ओसरीवर पाटाला पाट लावून एकमेकांच्या ताटाकडे बघत बसतात. याला संसार म्हणायचं.

चिखलीचे वामनराव असेच गेली अठरा-वीस वर्षं हिंमतरावांच्या ताटाकडे बघत होते. वामनराव एका हायस्कुलात हेडक्लार्क. अक्षर मोत्यासारखं, अर्ज लिहावा तर त्यांनीच. गावात कोणाला सरकारला काही विचारायचं असलं की तो आधी वामनरावांच्या ओट्यावर येई. हिंमतरावही चिखलीचेच, दोन गल्ल्या पलीकडे राहायचे. गावाबाहेर त्यांचा भाजीपाल्याचा मळा, विहिरीला बारमाही पाणी, आणि हसणं असं की मळ्यात हसले तर वेशीत ऐकू यावं. शाळेत ते तिसरीत दोनदा बसले आणि मग उठून गेले ते गेलेच.

वयानं वामनराव मोठे, शिक्षणानं मोठे, पगारदार. पण जानेफळच्या उकंडरावांनी आपली थोरली लेक अन्नपूर्णा हिंमतरावांना दिली आणि धाकटी सत्यभामा वामनरावांना. झालं. हिंमतराव थोरले जावई ठरले. पहिला पाट त्यांचा, तुपाची पहिली धार त्यांची, रुंद काठाचं धोतर त्यांचं. दुसऱ्या पाटावर पोळी येईस्तोवर ती निवलेली असे. वामनराव ती निवलेली पोळी चावत आणि मनात म्हणत की हा माणूस माझ्याहून तीन वर्षांनी लहान आहे. हे ते कोणाला बोलून दाखवत नसत, फक्त बायकोला दाखवत, आणि तेही रोज.

महाराष्ट्र राज्य होऊन आठ-नऊ वर्षं झाली होती. त्या वर्षी अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोघे जावई जानेफळला जेवायला गेले. आमरसाची वाटी वामनरावांच्या ओठाला लागते न लागते तोच सासऱ्यांनी विषय काढला की थोरल्या जावयाचा ट्रॅक्टर येतो आहे. हिंमतरावांनी कधीकाळी नाव लावून ठेवलं होतं आणि आता पाळी आली होती. इथवर वामनरावांनी सोसलं. पण पुढे हिंमतराव म्हणाले की मोटारीच्या कचेरीत नवी मालिका सुरू होते आहे आणि हवा तो नंबर मागून घेता येतो म्हणतात.

उकंडरावांनी रसाची वाटी खाली ठेवली. "जवाई, घ्या तं मंग एक नंबर घ्या. जानेफळात आला पायजे तं एक नंबरचाच ट्रॅक्टर आला पायजे."

हिंमतराव हसून म्हणाले की ट्रॅक्टर येऊ द्या, मग जाऊन विचारतो. वामनरावांच्या तोंडातला रस एकदम आंबट झाला. आता ह्या माणसाला पाटावरही एक नंबर आणि रस्त्यावरही एक नंबर. त्यांना असा हेवा वाटला की कानाच्या पाळ्या गरम झाल्या. मत्सर हा षड्रिपूंतला शेवटचा रिपू, असं शाळेतल्या संस्कृतच्या मास्तरांनी त्यांना एकदा सांगितलं होतं. वामनरावांच्या बाबतीत तो रांगेत उभा राहायला तयार नव्हता.

सोमवारी वामनरावांनी किरकोळ रजा टाकली आणि एस.टी. पकडून मोटारीची कचेरी गाठली. घरून ते अर्ज लिहून घेऊन गेले होते. विषय, संदर्भ, महोदय, सगळं जागच्या जागी, विषयाखाली दुहेरी रेघ. खिडकीतल्या कारकुनानं अर्ज वाचला नाही, नुसता उलटा करून परत दिला आणि छापील नमुन्यावर आणायला सांगितलं. छापील नमुना समोरच्या पानठेल्यावर मिळत होता. तो भरून आणला तर त्याला तिकीट नव्हतं. तिकीट लावलं तर ते डाव्या बाजूला लागलं होतं. उजव्या बाजूला लावलं तर जेवणाची सुट्टी झाली. दुसरा कोणी असता तर वैतागला असता, पण वामनराव स्वतः हेडक्लार्क असल्यामुळे आपल्या जातभाईचं हे काम बघून त्यांना मनोमन समाधानच वाटलं. दिवस कलताना त्यांच्या हातात पावती पडली. एक नंबर त्यांच्या नावे राखून ठेवला होता.

ती पावती त्यांनी घरी येऊन आधी देवाला दाखवली, मग बायकोला, मग शेजारच्या किसनरावांना. किसनराव म्हणजे पेन्शनीत निघालेले तलाठी. गावातल्या प्रत्येक गोष्टीची आपल्याला आगाऊ माहिती होती असा त्यांचा दावा असे. त्यांनी पावती चष्म्याच्या आतून आणि बाहेरून पाहिली आणि म्हणाले की वामनराव, तुम्ही हिमतीचं काम केलं. हिंमत हा शब्द ऐकून वामनरावांना साडूची आठवण झाली आणि ते जास्तच खुलले. पुढले पंधरा दिवस त्यांची छाती हायस्कुलाच्या दारातून आडवी आत जात होती.

मग एका संध्याकाळी हिंमतराव ओट्यावर आले. हातात वांग्यांची पाटी. ट्रॅक्टर आला होता, कचेरीत जाऊन आले होते, आणि एक नंबर कोणी नेला हेही त्यांना तिथेच कळलं होतं. वामनरावांनी मनाशी पुष्कळ उत्तरं तयार ठेवली होती. रागाला एक, टोमण्याला एक, रडकुंडीला एक. पण हिंमतराव रागावले नाहीत. त्यांनी पाटी खाली ठेवली, पाठीवर थाप मारली आणि मोठ्यानं म्हणाले, "बेस केलं वामनराव. घरातच राह्यला न नंबर. मले त्याइनं दोन नंबर देला. मले काय, नांगर चालला म्हंजे झालं. आता गाडी दाखवा. कोन्ती घेतली?"

वामनरावांनी वांग्यांची पाटी उचलून घेतली. खरं सांगायचं तर गाडी हा मुद्दा त्यांच्या ध्यानातच आला नव्हता. नंबर हिंमतरावांना मिळू नये एवढ्याच गडबडीत ते होते. छापील नमुन्यात बापाचं नाव होतं, धंदा होता, सही होती, पण गाडी आहे का असं कोणी विचारलंच नव्हतं आणि न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायची वामनरावांना नोकरीत सवय नव्हती.

"येऊन राह्यली," ते म्हणाले.

हिंमतराव गेल्यावर सत्यभामाबाईंनी वांगी निवडता निवडता विचारलं, "अवो, बैल नाई अन् झूल शिवून बसले काय तुमी?"

वामनराव दुसऱ्याच दिवशी पुन्हा कचेरीत गेले. कारकुनानं आता अटी सांगितल्या. त्या आधी का सांगितल्या नाहीत म्हणून विचारलं तर म्हणाला की आधी कोणी विचारत नाही. अटी अशा होत्या. तीन महिन्यांत गाडी आणून दाखवायची, नाही तर नंबर दुसऱ्याला. गाडी अर्जदाराच्याच नावे पाहिजे. नंबर भावाला, मुलाला, साडूला, कोणालाही देता येत नाही. आणि ज्या गाडीला आधीच कुठला तरी नंबर मिळालेला आहे तिला हा चढवता येत नाही, म्हणजे गाडी कोरी पाहिजे. वामनरावांनी विचारलं, नंबर दुसऱ्याला म्हणजे कोणाला. कारकून म्हणाला, जो आधी मागेल त्याला. वामनरावांना डोळ्यांसमोर वांग्यांची पाटी दिसली.

त्या काळात कोरी गाडी म्हणजे काय चीज होती हे आजच्या लोकांना सांगून खरं वाटायचं नाही. स्कूटरसाठी नाव लावलं की पोरगं मॅट्रिक व्हायच्या बेतात स्कूटर दारात यायची. मोटारसायकलीची तीच गत. आणि मिळाली असती तरी वामनरावांना चालवता कुठे येत होती. सायकलवरूनही ते उतरायला ओटा बघूनच थांबत.

सल्ल्यांना मात्र तोटा नव्हता. किसनरावांनी सुचवलं की जुनी जीप घ्या, तिचा नंबर खरवडून टाका आणि म्हणा की ही कोरीच आहे. हेडमास्तर म्हणाले की सरकारकडे अपील करा, मुदत वाढवून मागा, अपिलाचा निकाल लागेपर्यंत नंबर तुमच्याकडेच राहील आणि निकाल तर काही आपल्या हयातीत लागत नाही. हा सल्ला वामनरावांना फार आवडला होता, पण त्याचाही छापील नमुना असल्याचं कळलं आणि तो संपलेला होता. शाळेच्या शिपायानं तर सायकलला मोटारीचं इंजीन बसवणारा माणूस मेहकरला आहे असं सांगितलं. वामनराव रविवारी मेहकरला जाऊन आले. माणूस होता, इंजीनही होतं, पण त्याच्या स्वतःच्या उजव्या पायाला प्लास्टर होतं. वामनराव नमस्कार करून परत आले.

आणि रोज सकाळी शाळेत जाताना त्यांना हिंमतरावांचा ट्रॅक्टर आडवा यायचा. लाल, चकचकीत, पुढच्या पाटीवर ठसठशीत दोन. हिंमतराव वरून हात करायचे. आता या माणसाला नंबर गेल्याचं वाईट वाटायला नको का? नाही म्हणजे नाही. तो सुखानं झोपे, सुखानं जेवे. हेव्याचं हेच वाईट असतं. ज्याचा करावा त्याला पत्ता नसतो आणि करणाऱ्याचं वजन उतरतं. वामनरावांचा कोट दोन्ही खांद्यांत ढिला व्हायला लागला.

अशात एक दिवस बाजाराच्या रस्त्यावर पुंजाजीच्या वेल्डिंगच्या दुकानासमोर ते थांबले. पुंजाजी ट्रॅक्टरच्या मागे जोडायची ट्रॉली बनवत होता. बोलता बोलता तो म्हणाला की ट्रॉलीलासुद्धा कचेरीत नेऊन वेगळा नंबर घ्यावा लागतो, इंजीन नसलं म्हणून काय झालं. वामनराव जागच्या जागी खिळले. ट्रॉली. कोरी करकरीत. नाव लावायला नको, वाट पाहायला नको, चालवायला यायला नको. पुंजाजी पंधरा दिवसांत बनवून देत होता.

पैसे होते. ते न्हाणीघरासाठी ठेवलेले होते. सत्यभामाबाई लग्न होऊन आल्यापासून मागच्या अंगणात गोणपाटाच्या आडोशाला आंघोळ करत होत्या, आणि त्या वर्षी पक्कं न्हाणीघर बांधायचं हे दिवाळीपासून ठरलेलं होतं. वामनरावांनी ट्रॉलीचा विषय काढला तेव्हा त्या चूल सारवत होत्या. त्यांनी फक्त एवढंच विचारलं की ट्रॉलीत आंघोळ करता येते का.

ट्रॉली आली. ज्या जागी न्हाणीघर व्हायचं होतं त्याच जागी ती उभी राहिली, कारण अंगणात दुसरी जागाच नव्हती. हेडक्लार्कच्या दारात ट्रॉली, पुढे ट्रॅक्टर नाही, मागे शेत नाही. गल्लीतली माणसं मुद्दाम वाट वाकडी करून बघायला यायची. कोणी विचारायचं की काय वाहणार, तर वामनराव म्हणत, पाहू. उन्हाळा होता, सत्यभामाबाईंनी तिच्यात जुनं लुगडं अंथरून कुरडया वाळत घातल्या. मग शेजारणींनीही घातल्या. पाच-सहा घरांच्या कुरडया, पापड आणि एकीची लाल मिरची त्या वर्षी ट्रॉलीत वाळली, आणि बायकांत वामनरावांचं नाव झालं. त्यांना ते नाव नको होतं.

मोटारीचा साहेब दर पंधरा दिवसांनी चिखलीला कँप लावायचा. वामनरावांनी एक बैलजोडी ठरवून ट्रॉली त्याच्यासमोर नेली. बैलांना हे ओझं कशाचं आहे ते कळत नव्हतं, म्हणून ते दर वळणावर मागे वळून बघत होते. साहेब खुर्चीतून उठला, ट्रॉलीभोवती फिरला, आत वाकून पाहिलं आणि एक कुरडई बाहेर काढली. ती त्यानं टेबलावर ठेवली आणि विचारलं की ही ट्रॉली ओढणार कोण. वामनराव म्हणाले, बैल. साहेब म्हणाला, बैल मोटारीच्या कायद्यात बसत नाहीत, ट्रॅक्टरला जोडून पुढच्या कँपला आणा.

अख्ख्या ओळखीत ट्रॅक्टर असलेला माणूस एकच. वामनराव चार दिवस त्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत आले. पाचव्या दिवशी हिंमतरावच आले. त्यांना सत्यभामाबाईंनी निरोप धाडला होता. "सांगायचं न मले, काऊन नाई सांगतलं?" एवढंच ते म्हणाले. ना टोमणा, ना हसू. कँपच्या दिवशी सकाळीच ते ट्रॅक्टर घेऊन हजर झाले, स्वतः खाली उतरून खीळ अडकवली आणि ट्रॉली अशी अलगद काढली की दाराचा चुनासुद्धा उडाला नाही. वामनरावांना वाटलं, निदान चुना तरी उडवायचा होता.

साहेबानं ट्रॉली पास केली. एक नंबर मिळाला. वामनरावांनी पेंटर निवृत्तीला तिथेच तयार ठेवलं होतं. त्याला त्यांनी बजावलं होतं की पुढची अक्षरं बारीक काढ आणि आकडा असा मोठा काढ की देऊळगावहून दिसला पाहिजे. निवृत्ती डबा घेऊन मागच्या फळ्याकडे गेला, तेवढ्यात साहेब म्हणाला, "तिथं नाही. ट्रॉलीचा नंबर डाव्या बाजूला. मागच्या फळ्यावर जो ओढतो त्याचा नंबर."

वामनरावांना ते पटकन कळलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. साहेबानं पुन्हा सांगितलं, की मागून येणाऱ्याला ट्रॅक्टरची पाटी दिसत नाही, म्हणून ट्रॉलीच्या पाठीवर ट्रॅक्टरचा नंबर लिहावा लागतो. वामनरावांनी तिसऱ्यांदा विचारलं नाही. सरकारी कागद समजून घेण्यात त्यांचा जन्म गेला होता. आपल्या न्हाणीघराच्या पैशानं केलेल्या आपल्या ट्रॉलीच्या पाठीवर आपल्या खर्चानं साडूचा नंबर काढायचा होता.

डाव्या बाजूला एक आकडा निघाला. चांगला हातभर उंच. मागच्या फळ्याचं पाहू, रंग संपला, असं म्हणून वामनरावांनी निवृत्तीला घरी पाठवलं. ते पाहू-पाहू आठवडाभर चाललं. ट्रॉली अंगणात उभी होती तोवर काही बिघडत नव्हतं. ती उभी अशी राहिली की एक आकडा भिंतीकडे आला. तो बघायचा तर भिंत आणि ट्रॉली यांच्यामध्ये आडवं होऊन शिरावं लागे. वामनराव रोज संध्याकाळी शिरत.

आणि मग धोंड्याचा महिना आला. त्या वर्षी आषाढ अधिक होता. अधिक महिन्यात जावयाला विष्णूसमान मानून जेवू घालायचं, तेहतीस अनारसे आणि वर दिवा ठेवून ताट द्यायचं. तीन वर्षांतून एकदा येणारा मान. उकंडरावांनी दोघांना एकाच दिवशी बोलावलं होतं, म्हणजे पुन्हा पहिला पाट आणि दुसरा पाट. पावसानं वाट इतकी बिघडली होती की एस.टी.चा भरवसा नव्हता. हिंमतरावांनी निरोप पाठवला की ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून सगळे मिळून जाऊ, आणि मागचा नंबर तेवढा काढून घ्या, वाटेतल्या नाक्यावर नवा जमादार बसतो आहे, तो सोडत नाही.

निघायच्या सकाळी निवृत्तीनं मागच्या फळ्यावर दोन आकडा काढला. सवयीनं त्यानं तोही हातभर काढला. वामनराव तोंड फिरवून उभे होते. पावसाळी हवेत रंग संध्याकाळपर्यंत वाळायचा नाही, हात लावू नका, एवढं सांगून तो गेला.

दोन्ही बहिणी ट्रॉलीत गोणपाटावर बसल्या आणि चिखली सुटायच्या आत बोलायला लागल्या. वामनराव धोब्याचा पांढराशुभ्र लांब कोट घालून मागच्या टोकाला उभे होते. रस्ताभर लोक बघत होते. डाव्या हाताला जे होते त्यांना एक दिसत होता, पण डाव्या हाताला बहुतेक शेतंच होती. मागून जे येत होते त्यांना दोन दिसत होता, आणि मागून सगळा गाव येत होता. वामनरावांनी मनाशी ठरवून टाकलं की आपण जेवायचं, ताट घ्यायचं आणि परत आल्यावर ही ट्रॉली विकून न्हाणीघर बांधायचं. त्यांना खरोखर रडू येत होतं.

जानेफळात उकंडरावांच्या घराकडे जाणारी गल्ली अरुंद. अंगण मोठं, पण आत ट्रॅक्टर वळवायला जागा नाही. हिंमतरावांनी गल्लीच्या तोंडाशी विचार केला आणि ट्रॉली उलटी आत घालायचं ठरवलं. गावातले लोक जमले, येऊ द्या, येऊ द्या म्हणून ओरडू लागले. ट्रॉली मागे मागे सरकत दरवाजातून आत शिरली. मग वामनरावांच्या एक गोष्ट लक्षात आली. ट्रॉली अंगणात आली होती. ट्रॅक्टर दाराबाहेर होता. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच वामनराव साडूच्या आधी सासरच्या अंगणात आले होते, आणि तेही पांढऱ्या कोटात, उभ्यानं.

आता ट्रॅक्टर आत यायचा, पण त्याचं मागचं चाक उंबऱ्यापाशी चिखलात रुतलं. दोन्ही बाजूंना भिंती, मागे ट्रॉली. हिंमतरावांना पुढे येता येईना, मागे जाता येईना, उतरायलाही जागा होईना. सासूबाई रुखमाबाई आरतीचं ताट घेऊन आल्या. वामनराव उडी मारून खाली उतरले. रुखमाबाईंनी त्यांच्या पायावर पाणी घातलं, त्यांना ओवाळलं, आणि नव्या गाडीला म्हणून समोर दिसला त्या आकड्यावर बोटभर कुंकू लावलं. त्यांना अक्षरओळख नव्हती. त्यांच्या लेखी ही धाकट्या जावयाची गाडी आणि तो तिचा नंबर.

बाहेरून हिंमतरावांचा आवाज आला. "मायबाई, मले बी लाव न कुंकू. थोरला म्या हावो."

वामनरावांनी ट्रॉलीवरून पलीकडे पाहिलं. हिंमतराव सीटवर उभे राहून टाचा उंचावून बघत होते आणि त्यांच्या तोंडावर काय होतं ते ओळखायला वामनरावांना वेळ लागला नाही. तेच तोंड वीस वर्षं ते स्वतःच्या आरशात बघत आले होते. हिंमतरावांना हेवा वाटत होता. वामनरावांना उन्हाळ्यात माठाचं पाणी प्यावं तसं गार वाटलं. न्हाणीघराचे पैसे वसूल झाले असं त्यांना त्या क्षणी वाटलं.

एवढ्यात उकंडराव चष्मा पुसत ट्रॉलीकडे निघाले. "पाहू द्या न एक नंबर कसा असते तं." त्यांना आकडे वाचता येत होते. कुंकू लागलेला आकडा हिंमतरावांचा आहे हे त्यांना कळलं, की ते मोठ्यानं वाचणार, हिंमतराव ते ऐकणार आणि पुन्हा हसणार. ज्या माणसानं नंबर दिसावा म्हणून घरदार पणाला लावलं, तो माणूस दोन हात पसरून फळ्याला पाठ लावून उभा राहिला.

"एकच हाये मामाजी," वामनराव म्हणाले. "जेवायले चला, पोळ्या निवून राह्यल्या."

उकंडराव माघारी वळले. वामनराव आकडा झाकलेला राहावा म्हणून पाठ न वळवता, बाजूबाजूनं सरकत ओसरीवर गेले. हिंमतराव अजून बाहेरच होते, त्यांना बॉनेटवरून पुढे उतरून शेजारच्या गोठ्यातून मागच्या दारानं यावं लागणार होतं. भटजींना पुढचं घर गाठायचं होतं. ते म्हणाले, जो आला आहे त्याला बसवा, मुहूर्त निघून जातो. वामनराव पहिल्या पाटावर बसले. समोर रांगोळी, तेहतीस अनारसे, वर पेटता दिवा. तुपाची पहिली धार त्यांच्या ताटात पडली आणि पोळी गरम होती. त्यांनी डोळे मिटून पहिला घास घेतला.

मागे बायका वाढता वाढता थांबल्या. कोणीतरी तोंडाला पदर लावला. सत्यभामाबाई पोळ्यांची दुरडी घेऊन जवळ आल्या, वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "अवो, कोट काढा."

"काऊन?" वामनराव घास गिळत म्हणाले.

त्या सांगणार तोच मागचं दार वाजलं. हिंमतराव गुडघ्यापर्यंत चिखलात माखून आत आले. मागच्या दारातून येणाऱ्याला आधी पंगतीच्या पाठी दिसतात. पहिल्या पाटावरच्या पांढऱ्या कोटावर मानेपासून कमरेपर्यंत ओल्या रंगाचा उलटा दोन आकडा उमटला होता आणि त्याच्या मधोमध कुंकू. हिंमतरावांनी वाकून तो आकडा पाहिला. आपल्याच आकड्यावर कुंकू कसं लागलं, आणि वामनराव फळ्याला चिकटून का उभे होते, ते सगळं त्यांना एका दमात उमजलं. मग ते हसले. ते हसणं वेशीपर्यंत गेलं असणार. वामनराव पाटावरून अर्धे उठले.

"बस्सा, बस्सा वामनराव," हिंमतराव त्यांच्या खांद्यावर चिखलाचा हात ठेवत म्हणाले. "उठू नका. माहाच नंबर लावून बसले हा तुमी, तं पाट माहाच झाला. म्या बसतो दुसऱ्यावर."

आणि ते खरोखरच दुसऱ्या पाटावर बसले. वामनराव पहिल्या पाटावर बसून जेवले, गरम पोळीवर गरम पोळी आली, पण तिची चव काय होती ते त्यांना पुढे कधी आठवलं नाही. त्यांचं सगळं लक्ष शेजारच्या ताटाकडे होतं, कारण हिंमतराव निवलेली पोळी खात होते आणि त्यांना ती गोड लागत होती.